‘मी ओरडले का नाही?’

लैंगिक अत्याचारातून गेलेली स्त्री समुपदेशकासमोर येऊन बसते, तेव्हा काय घडलं ते सांगण्याआधीच ती अनेकदा स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून मोकळी झालेली असते. मी ओरडले का नाही? त्याला ढकललं का नाही? दार तर उघडं होतं, मग पळाले का नाही? हेच प्रश्न तिला तपास करणाऱ्यांनी विचारलेले असतात, जवळच्या माणसांनीही विचारलेले असतात. ‘तुझी काही चूक नाही गं’ या वाक्याने तिचं समाधान होत नाही. ते प्रेमापोटी म्हटलंय, एवढंच तिला कळतं. तिला कारण हवं असतं, आणि ते शरीरशास्त्राकडे आहे.

धोका जाणवताच मेंदूतला अमिग्डाला हा लहानसा भाग इशारा देतो आणि शरीर लढायच्या किंवा पळायच्या तयारीला लागतं. हे बहुतेकांना माहीत असतं. पण धोका अगदी अंगाशी आला आणि सुटकेची वाट दिसेनाशी झाली, तर शरीर थिजू शकतं. हातपाय हलत नाहीत, आवाज फुटत नाही, वेदनाही बोथट होते. शुद्ध मात्र असते आणि भोवतालचं सगळं कळत असतं. याला ‘टॉनिक इमोबिलिटी’ म्हणतात. शिकाऱ्याच्या तावडीत सापडलेल्या अनेक प्राण्यांमध्येही ही प्रतिक्रिया दिसते. ती इच्छेने सुरू होत नाही आणि इच्छेने थांबवताही येत नाही.

स्टॉकहोममध्ये बलात्कारानंतर तातडीच्या उपचारासाठी आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ७० टक्के स्त्रियांनी हल्ल्याच्या वेळी शरीर लक्षणीय प्रमाणात थिजल्याचं सांगितलं, आणि ४८ टक्क्यांच्या बाबतीत ते अत्यंत तीव्र होतं. म्हणजे ज्या गोष्टीसाठी ती स्वतःला दोषी धरते, तीच बहुसंख्य स्त्रियांच्या बाबतीत घडली होती. ज्या थिजल्या होत्या, त्यांच्यात सहा महिन्यांनी पीटीएसडी, म्हणजे आघातोत्तर ताणविकार, आणि तीव्र नैराश्य जास्त आढळलं. ही माहिती समुपदेशकाने हातची राखून ठेवू नये, असं मला मनापासून वाटतं. समोरची स्त्री ऐकण्याइतकी स्थिर झाली, की सोप्या शब्दांत ती तिला सांगून टाकावी.

आठवणींचंही असंच आहे. तीव्र भीतीच्या क्षणी घटनेचा क्रम आणि संदर्भ नोंदवण्याचं मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाचं काम विस्कळीत होऊ शकतं, आणि काही तुकडे मात्र खोल कोरले जातात. भिंतीवरचा डाग, एखादा वास, घड्याळाचा आवाज आठवतो. आधी काय आणि नंतर काय ते सांगता येत नाही. जबाब घेणाऱ्याला यात खोटेपणा दिसतो आणि तिला स्वतःला वेड लागल्यासारखं वाटतं. समुपदेशकाने हे तुकडे जुळवण्याची घाई करू नये. ‘नीट आठवून बघ’ असं टोचत राहिलं, तर नसलेली आठवणही तयार होऊ शकते. तपास करणं हे समुपदेशकाचं काम नव्हे.

‘सगळं बोलून टाक, मोकळं वाटेल’ हा सल्ला तर सर्रास दिला जातो. एके काळी तज्ज्ञही तो देत. दुर्घटनेनंतर लगेच एका बैठकीत सगळा प्रसंग वदवून घेण्याची पद्धत रूढ होती. तिच्या चाचण्या झाल्या तेव्हा कळलं, की त्याने पीटीएसडी टळत नाही. काही चाचण्यांत तर अशा लोकांची अवस्था उलट जास्त वाईट निघाली. आता जागतिक आरोग्य संघटनाही ही पद्धत वापरू नका, असं सांगते. दुसरीकडे, काळाबरोबर अनेकजणी सावरतात, हेही पाहिलं गेलंय. अमेरिकेत १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बलात्कारानंतर सुमारे दोन आठवड्यांनी ९४ टक्के स्त्रियांमध्ये पीटीएसडीची लक्षणं होती; तीन महिन्यांनी हे प्रमाण ४७ टक्क्यांवर आलं होतं. उरलेल्या जवळपास निम्म्या स्त्रियांना पुढे नेमक्या उपचारांची गरज असते. असे उपचार उपलब्ध आहेत आणि त्यांचा गुणही येतो. त्यांत प्रसंगाला सामोरं जाणं असतंच, पण ते टप्प्याटप्प्याने, तिच्या संमतीने आणि प्रशिक्षित व्यक्तीसोबत.

संमती हा शब्द इथे फार महत्त्वाचा आहे. अत्याचारात तिच्या शरीरावरचा, वेळेवरचा, निर्णयावरचा तिचा हक्क हिरावला गेला होता. मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी सावरण्याचे तीन टप्पे मांडले: आधी सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, मग पुन्हा माणसांमध्ये मिसळणं. या सगळ्यात निर्णय तिच्याच हाती राहावेत, असा त्यांचा आग्रह आहे. प्रत्यक्षात याची सुरुवात अगदी साध्या गोष्टींपासून होते. दार उघडं ठेवू की लावू? तुम्हाला कुठल्या खुर्चीत बसायचंय? आज त्या विषयावर बोलायचंय की नको? तिचा श्वास भरून आला, नजर हरवली, तर बोलणं थांबवायचं. पाय जमिनीला टेकलेले जाणवतात का, खोलीत कुठल्या निळ्या वस्तू दिसतात, असं विचारत तिला आत्ताच्या क्षणात आणायचं. सावकाश, लांब उच्छ्वास सोडायला सांगायचं, कारण श्वास सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात.

हिंसा अजून चालू असेल, तर मात्र सगळा क्रमच बदलतो. जिथे रोज मार बसतो, त्याच घरी तिला संध्याकाळी परतायचं असेल, तर भूतकाळाची चर्चा बाजूला ठेवावी लागते. ‘मग सोडून का देत नाहीस त्याला?’ हा प्रश्न तर कधीच विचारू नये. नातं तोडण्याची वेळ ही जिवाला सर्वांत जास्त धोका असलेल्या वेळांपैकी एक असते, आणि पुष्कळदा तिला ते आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. त्याऐवजी विचारावं: त्याने कधी तुमचा गळा दाबला होता का? हा विषय ती स्वतःहून काढेलच असं नाही, कारण गळ्यावर अनेकदा खूणही राहत नाही. पण अमेरिकेतल्या २००८ च्या एका अभ्यासानुसार, ज्या स्त्रीचा गळा जोडीदाराने पूर्वी दाबला आहे, तिचा पुढे त्याच्या हातून खून होण्याची शक्यता सुमारे सातपट असते. उत्तर ‘हो’ आलं, तर त्याच दिवशी डॉक्टरी तपासणी आणि सुरक्षिततेचं नियोजन यांबद्दल तिच्याशी बोलायला हवं: कागदपत्रं कुठे ठेवायची, फोन कुणाला करायचा, मुलांना कोणता संकेत सांगून ठेवायचा.

हे सगळं रोज ऐकणाऱ्याच्या मनावरही परिणाम होतो. १९९० मध्ये मॅकॅन आणि पर्लमन या संशोधकांनी त्याचं वर्णन केलं: दुसऱ्याचे आघात ऐकता ऐकता समुपदेशकाची जगाबद्दलची धारणाच बदलते. माणसांवरचा विश्वास उडतो, झोपेत इतरांचे प्रसंग येतात, घरच्यांची नको इतकी काळजी वाटू लागते. काहीजण बधिर होतात, आणि समोरच्या स्त्रीला ते लगेच जाणवतं. यावर सुट्टी घे, ध्यान कर, असे सल्ले मिळतात. ते वाईट नाहीत, पण अपुरे आहेत. समुपदेशकाकडे एका वेळी किती आघातग्रस्त स्त्रिया सोपवायच्या, तिला अनुभवी मार्गदर्शकाशी नियमित बोलायला वेळ द्यायचा की नाही, हे संस्था ठरवते. त्या वेळेची तरतूद तिच्या कामाच्या तासांत आणि पगारातच असायला हवी.