रंगापेक्षा घासणीच जास्त लागते

रंगपंचमीला राजवाड्यावर गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक, निघते आणि दुपारनंतर इंदुरातल्या न्हाणीघरांतून दुसरी गेर सुरू होते. डाळीचं पीठ, लिंबू, कपड्यांचा साबण, भांड्यांची घासणी. काही महाभाग तर रॉकेलही चोळतात. दोन दिवसांनी गाल फुटतात, मान खाजते आणि सगळा दोष रंगाला दिला जातो. स्वस्त रंग त्रास देतात, यात वाद नाही. पण घासण्याचा वाटा कोणी मोजत नाही.

आपल्या त्वचेवर जिवाणू आणि बुरशींची वस्ती असते, तीही जागेगणिक वेगळी. संशोधक एलिझाबेथ ग्राइस, ज्युलिया सेग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये निरोगी माणसांच्या अंगावरच्या 20 जागा तपासल्या. नाकाच्या कडेच्या तेलकट भागात एक मंडळी, काखेच्या दमट भागात दुसरी, तर कोरड्या हातावर सर्वांत जास्त विविधता. मुरमांसाठी बदनाम असलेला जिवाणू क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नीस निरोगी चेहऱ्यावरही सुखाने नांदतो. तो त्वचेच्या तेलातून मेदाम्लं मोकळी करतो. ही आम्लं, घाम आणि त्वचेतली इतर द्रव्यं यांमुळे पृष्ठभागाचा पीएच (आम्लतेचं माप; 7 च्या खाली आम्ल, वर अल्कधर्मी) 5 च्या आसपास राहतो. तिथे स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिससारख्या रहिवाशांना करमतं, पण त्याचाच चुलतभाऊ ऑरियस, म्हणजे गळवं करणारा, तिथे फारसा फोफावत नाही.

मग साबणाने ही मंडळी वाहून जात नाहीत का? वरवरची जातात, पण केसांच्या मुळाशी राहिलेली पुन्हा पसरतात. 2016 च्या एका अभ्यासात तर निरोगी माणसांवरची वस्ती दोन वर्षांपर्यंत बरीचशी तशीच टिकलेली दिसली. तेव्हा जंतू धुतले जाण्याची चिंता नको; त्यांचं घर मोडण्याची करावी. आपल्या नेहमीच्या साबणाच्या वडीचा पीएच बहुधा 9 ते 10 असतो. ती त्वचेतली स्निग्ध द्रव्यं काढून नेते, आणि पीएच मूळपदावर यायला काही तास लागू शकतात. त्यात घासणीने वरचा थर खरवडला, की ऑरियसला दार उघडं. इसब उसळतं तेव्हा त्वचेवर हाच वाढलेला आढळतो.

इंदुरात नर्मदेचं पाणी आलं, तरी कितीतरी वसाहती आजही बोअरिंगवर आहेत. क्षारांनी जड झालेल्या पाण्यात कॅल्शियम आणि साबण मिळून न विरघळणारा चिकट थर होतो. तो बादलीवर दिसतो, अंगावर दिसत नाही. म्हणून साबण जास्त चोळला जातो! वेष्टनावरचा टीएफएम (साबणातल्या एकूण मेदद्रव्याचं प्रमाण) पाहून निवड करणारे बरेच आहेत. 76 टक्के किंवा जास्त म्हणजे पहिल्या प्रतीचा साबण हे खरं, पण त्यावरून पीएच कळत नाही; पहिल्या प्रतीचा साबणही अल्कधर्मीच असतो. कोरड्या किंवा चटकन चिडणाऱ्या त्वचेला पीएच 5.5 च्या आसपासची, साबण नसलेली सिंडेट (कृत्रिम प्रक्षालकाची) वडी बरी.

गेरला जाण्याआधी तेल लावायची रीत चांगली आहे. परतल्यावर कोमट पाणी, सौम्य वडी आणि तळहात पुरे. उरलेला रंग राहू द्यावा. तो वरच्या मृत थरातच मुरलेला असतो आणि तो थर रोज आपोआप झडतो. अंग टिपून, ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावावं. लिंबू मात्र नको: त्याचा पीएच 2 च्या जवळ, म्हणजे त्वचेपेक्षा शेकडो पटींनी आम्ल. जेवणाआधी आणि शौचानंतर हात धुताना मात्र ही सगळी नजाकत विसरावी. तिथे साबणच हवा.

‘जंतुनाशक’ असा शिक्का असलेल्या साबणासाठी जास्त पैसे मोजायचं कारण नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2016 मध्ये ट्रायक्लोसानसह 19 घटक अशा साबणांतून काढायला लावले, कारण ते साध्या साबण-पाण्यापेक्षा सरस असल्याचं कंपन्यांना दाखवता आलं नाही. आता बाजारात ‘प्रोबायोटिक’, म्हणजे हितकारक जिवाणूंचं नाव सांगणारी, क्रीमं आली आहेत. त्यांतल्या बहुतेकांत जिवंत जिवाणू नसतातच, त्यांचे अर्क किंवा तुकडे असतात. क्रीम खराब होऊ नये म्हणून घातलेलं प्रिझर्व्हेटिव्ह जिवाणूंना वाढू न देण्यासाठीच तर असतं.