रिलीजरची जन्मकथा: बोटांपासून ट्रिगरपर्यंत

शिकारीसाठी कंपाउंड, म्हणजे टोकांना कप्प्या बसवलेले, धनुष्य घेणाऱ्याचा सगळा विचार धनुष्यावरच खर्च होतो. किती पाउंडांच्या ओढीचे, किती लांबीचे, कॅम (टोकाची कप्पी) कोणता. रिलीजर, म्हणजे बोटांऐवजी दोरी धरून सोडणारे छोटे यंत्र, शेवटी, उरलेल्या पैशांत. मला हे उलटे वाटते. नेम कितीही पक्का असला तरी दोरी सुटते त्या क्षणी तो बिघडू शकतो, आणि बाजारातला प्रत्येक रिलीजर अशाच कुठल्या तरी बिघाडावर उपाय म्हणून जन्माला आला आहे. तो बिघाड कोणता, हे कळले की निवड निम्मी झाली.

दोरीने बोटे सोलतात, ही तक्रार धनुष्याइतकीच जुनी. विश्वामित्रांबरोबर निघालेल्या राम-लक्ष्मणांना वाल्मीकी रामायणात ‘बद्धगोधाङ्गुलित्राणौ’ म्हटले आहे. गोधा म्हणजे घोरपड. हाताला आणि बोटांना चामड्याचे संरक्षण बांधून ते निघाले होते. एकलव्याचा अंगठा सगळ्यांना आठवतो, पण महाभारतातली त्यापुढची ओळ क्वचितच कोणी सांगते: त्यानंतर तो बोटांनी दोरी ओढू लागला आणि पूर्वीसारखी चपळाई राहिली नाही. अंगठ्याची ओढ वेगळी आणि बोटांची वेगळी, हे लिहिणाऱ्याला नेमके ठाऊक होते.

मंगोल, तुर्क, चिनी, मोगल हे सगळे अंगठ्याने ओढणारे. त्यासाठी अंगठ्यात शिंगाची, हाडाची किंवा जेड दगडाची अंगठी घालत. फारसीत तिला जिहगीर म्हणत. जिह म्हणजे धनुष्याची दोरी, गीर म्हणजे धरणारा. (आपल्याकडे अंगठा आणि अंगठी हे शब्द सख्खे आहेत, ते उगाच नव्हे.) तीन बोटांच्या ओढीत दोरी तीन ठिकाणांहून घरंगळते, तर गुळगुळीत अंगठीवरून ती एकाच कडेवरून निसटते. आजच्या रिलीजरचा अर्धा विचार या अंगठीत आहे. उरलेला अर्धा चीनमध्ये होता. शिआनच्या मातीच्या सैन्याजवळ दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे काशाचे ट्रिगर सापडले, आडव्या धनुष्यांचे. ताणलेली दोरी धातूच्या दातात अडकवायची आणि बोटाने नुसती खिट्टी ओढायची.

हे दोन्ही विचार एकत्र यायला अमेरिकेतल्या मिझुरीचा हॉलेस विल्बर ॲलन कारणीभूत ठरला. त्याने धनुष्याच्या टोकांना कप्प्या बसवल्या, 1966 मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि 1969 च्या अखेरीस ते मिळाले. टॉम जेनिंग्ज या धनुष्य बनवणाऱ्याने ते बाजारात रुजवले. कप्प्यांची करामत अशी की पूर्ण ओढल्यावर जोर एकदम उतरतो. 70 पाउंडांच्या धनुष्यात 80 टक्के जोर उतरला, तर हातात फक्त 14 पाउंड उरतात. मिनिटभर धरून ठेवता येते.

पण याच सुखाने बोटांचा घात केला. जड ओढीत दोरी बोटांना झटकून स्वतः निघून जाते. 14 पाउंडांत तिच्यात ती ताकद नसते. बोटे जरा रेंगाळली की ती बाजूला ढकलली जाते आणि बाण माशासारखा वळवळत निघतो. त्यात धनुष्ये आखूड होत गेली. कप्पीपासून कप्पीपर्यंत जेमतेम 30 इंच राहिले की पूर्ण ओढीत दोरीचा कोन इतका निमुळता होतो की बोटे तिच्यात चेंगरतात. म्हणून रिलीजर. पुढे दोरीलाच, बाणाच्या खाचेच्या वर-खाली गाठी मारून, डी-लूप नावाचा छोटा फास बांधू लागले. रिलीजरचा जबडा आता त्या फासाला धरतो, त्यामुळे मूळ दोरी झिजत नाही आणि बाण सरळ मागून ढकलला जातो.

यंत्र आले आणि नवे दुखणे आले. नेमाचा ठिपका लक्ष्यावर आला रे आला की बोट ट्रिगरवर झडप घालते. इंग्रजीत याला टार्गेट पॅनिक म्हणतात. चांगले मुरलेले तिरंदाज यात अडकतात, आणि हे दुखणे बोटाचे नसून मनाचे असते. त्यावर उपाय म्हणून हिंज रिलीजर लोकप्रिय झाला. त्याला ट्रिगरच नाही. आत धातूचा अर्धचंद्र असतो आणि दोरी धरणारा आकडा त्याच्या कडेवर अडकलेला असतो. पाठीच्या स्नायूंनी ओढत राहिले की हात किंचित फिरतो, कडा संपते आणि बाण सुटतो. केव्हा सुटणार हे तिरंदाजालाही आधी कळत नाही, म्हणून दचकणेच उरत नाही. शिकताना मात्र जपा. ओढता ओढता हात फिरला तर दोरी मध्येच सुटते आणि मूठ तोंडावर येते. माझा ओठ असाच फुटला होता. आधी नुसत्या दोरीच्या फासावर सराव करावा, मग धनुष्यावर.

महाराष्ट्रात हे यंत्र दिसते ते मैदानावर. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर आपल्याकडे शिकारीचा प्रश्नच नाही. पण 2023 मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे कंपाउंडचे जगज्जेते झाले. ओजसने अंतिम फेरीत 150 पैकी 150 गुण घेतले. पंधराच्या पंधरा वेळा दोरी तशीच सुटल्याशिवाय हे होत नाही.

शिकाऱ्याची गरज वेगळी. विस्कॉन्सिनने 1934 मध्ये धनुष्याच्या शिकारीचा वेगळा हंगाम सुरू केला, आणि तिथला शिकारी आजही नोव्हेंबरच्या थंडीत झाडावरच्या मचाणावर तासन्‌तास बसतो. हातात मोजे. हरीण येते तेव्हा वेळ काही सेकंदांचा. हातात धरायचा रिलीजर खाली पडला तर शिकार संपली. म्हणून मनगटाला पट्ट्याने बांधलेला, तर्जनीने दाबायचा रिलीजर तिथे टिकून राहिला. पट्टाही बकलचाच बरा. वेल्क्रो उचकटताना जो फर्रकन आवाज होतो, तो शांत रानात हरणाला पुरेसा असतो. अंगठ्याने दाबायचा रिलीजर हिंज आणि मनगटाचा या दोन टोकांच्या मधला: मूठ जबड्याच्या हाडाशी घट्ट टेकते, आणि सुटण्याचा क्षणही आपल्या हातात राहतो.

दुखणे ओळखलेले कितीतरी शिकारी हिंज आणि मनगटाचा, दोन्ही बाळगतात. उन्हाळाभर अंगणातल्या गवताच्या गठ्ठ्यावर हिंजने सराव करतात, आणि हंगाम तोंडावर आला की मनगटाचा पट्टा बाहेर काढून हाताला बांधतात आणि बकल कसतात.