आपलं वजन आणि ‘देवकण’

‘विश्वातल्या प्रत्येक वस्तूला वस्तुमान देवकणामुळे (हिग्ज बोसॉन या मूलकणामुळे) मिळतं, तो नसता तर कशालाच वजन नसतं,’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. त्यात थोडं खरं आहे, म्हणूनच तो पटतो.

मुळात तो कण वस्तुमान वाटत फिरत नाही. सगळीकडे पसरलेलं हिग्ज क्षेत्र असतं. इलेक्ट्रॉन, क्वार्क (प्रोटॉन-न्यूट्रॉन ज्यांचे बनतात ते कण) यांचा त्याच्याशी जितका घट्ट संबंध, तितकं त्यांचं वस्तुमान. देवकण हा त्या क्षेत्रावर उठलेला तरंग.

आता साधी बेरीज करू. प्रोटॉनमध्ये दोन अप आणि एक डाऊन क्वार्क. कणांच्या वस्तुमानांचे तक्ते कुणालाही पाहता येतात: अप सुमारे २.२, डाऊन सुमारे ४.७ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट (कणांचं वस्तुमान मोजायचं एकक). बेरीज ९ च्या आसपास. प्रोटॉन मात्र ९३८! मग उरलेलं आलं कुठून? आत कोंडलेल्या क्वार्कांच्या धावपळीतून आणि त्यांना बांधून ठेवणाऱ्या ग्लुऑनांच्या ऊर्जेतून. ही ऊर्जाच बाहेरून वस्तुमान म्हणून मोजली जाते. न्यूट्रॉनचंही तेच, आणि आपलं जवळपास सगळं वजन या दोघांचंच. म्हणजे ६० किलोच्या माणसात हिग्जचा थेट वाटा जेमतेम अर्धा-पाऊण किलो.

तरी हिग्ज क्षेत्र फुकाचं नाही. इलेक्ट्रॉनचं ०.५११ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट वस्तुमान त्याच्यामुळेच, आणि ते शून्य असतं तर अणूच बनला नसता.