छायाप्रदेशातील तरंग आणि पृथ्वीचा अंतर्गाभा

जून १९२९मध्ये न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील मर्चिसन गावाजवळ मोठा भूकंप झाला. हजारो किलोमीटर दूर, युरोपात आणि तत्कालीन सोव्हिएत संघातील स्वेर्दलोव्स्क व इर्कुत्स्क येथे त्याची नोंद झाली. यांतील काही आलेखांवर असे क्षीण तरंग उमटले होते, जे त्या वेळच्या समजुतीनुसार तेथे पोहोचायलाच नको होते.

भूकंपाचे प्राथमिक तरंग घन आणि द्रव अशा दोन्ही पदार्थांतून जातात, तर दुय्यम तरंग केवळ घनातून. या दोहोंची आलेखावरील ओळख पटवण्याचे श्रेय भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील रिचर्ड ओल्डहॅम यांच्याकडे जाते. १८९७च्या आसाम भूकंपाच्या अभ्यासातून त्यांना ती साधली आणि १९०६मध्ये त्यांनी पृथ्वीला गाभा असल्याचा पुरावा मांडला. पुढे बेनो गुटेनबर्ग यांनी गाभ्याची सीमा सुमारे २,९०० किलोमीटर खोलीवर निश्चित केली, आणि १९२६मध्ये हॅरल्ड जेफ्रीज यांनी तो द्रव असल्याचे दाखवले.

या द्रवात शिरताना प्राथमिक तरंगांचा वेग सेकंदाला साडेतेरा किलोमीटरांहून अधिक असतो, तो एकदम आठाच्या आसपास येतो. त्यामुळे ते आतल्या बाजूला वळतात आणि भूकंपकेंद्रापासून साधारण १०४ ते १४० अंशांच्या पट्ट्यात थेट पोहोचू शकत नाहीत. या पट्ट्याला छायाप्रदेश म्हणतात. तेथे अधूनमधून दिसणारे दुबळे तरंग गाभ्याच्या कडेला वळसा घालून आले असावेत, असे स्पष्टीकरण तेव्हा दिले जाई.

डेन्मार्कच्या भूकंपशास्त्रज्ञ इंगे लेमन यांना हे पटले नाही. हे तरंग दुबळे असले तरी कडेच्या वळशाने त्यांचा उलगडा व्हावा इतके दुबळे नव्हते. संगणक नसलेल्या त्या काळात त्यांनी प्रावरणात, म्हणजे गाभ्याभोवतीच्या खडकांच्या जाड थरात, एक आणि गाभ्यात दुसरा असे स्थिर वेग मानून गणित सोपे केले, आणि गाभ्याच्या आत अधिक वेगाचा आणखी एक गोल कल्पिला. त्या गोलावरून परावर्तित झालेले व त्यातून वळलेले तरंग नेमके छायाप्रदेशात येत होते. १९३६मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधाचे शीर्षक ‘पी’ हे एक अक्षर आणि त्याच्या डोक्याशी एक तिरकी खूण (P′), एवढेच होते. माझ्या मते भूकंपशास्त्रातील हा सर्वांत देखणा युक्तिवाद आहे, कारण इतरांनी गैरसोयीची म्हणून बाजूला सारलेली नोंदच त्यांनी पुराव्याच्या जागी बसवली.

या आतल्या गोलाची, म्हणजेच अंतर्गाभ्याची, त्रिज्या सुमारे १,२२० किलोमीटर आहे, हे आता चांगले ठाऊक आहे. तो घन असल्याचा तर्क १९४०च्या सुमारास मांडला गेला. पण त्याला बळकट आधार १९७१मध्ये मिळाला, जेव्हा अ‍ॅडम झेवोन्स्की आणि फ्रीमन गिल्बर्ट यांनी १९६४च्या अलास्का भूकंपाने संपूर्ण पृथ्वीला दिलेल्या मंद कंपनांचे विश्लेषण केले. अंतर्गाभा द्रव मानल्यास त्या कंपनांचे कालावधी जुळत नव्हते. तेथील तापमान पाच हजार अंशांहून अधिक असूनही लोखंड वितळत नाही, कारण त्यावर वातावरणाच्या तीस लाखांहून अधिक पट दाब असतो.

१९८०च्या दशकात आणखी एक गोष्ट ध्यानात आली. उत्तर-दक्षिण दिशेने अंतर्गाभा ओलांडणारे तरंग विषुववृत्ताला समांतर जाणाऱ्या तरंगांपेक्षा, सुमारे वीस मिनिटांच्या एकूण प्रवासात, काही सेकंद आधी पोहोचतात. लोखंडाचे स्फटिक परिवलनाच्या अक्षाला धरून रचले गेले असावेत, असा याचा सर्वमान्य अर्थ लावला जातो. मात्र ही रचना कशामुळे झाली, यावर एकमत नाही.

त्याहून मोठा वाद अंतर्गाभ्याच्या फिरण्याचा आहे. १९९६मध्ये शाओदाँग साँग व पॉल रिचर्ड्स यांनी दक्षिण अटलांटिकमधील साउथ सँडविच बेटांजवळच्या भूकंपांचे अलास्कात नोंदलेले आलेख तपासून तो उर्वरित पृथ्वीपेक्षा वर्षाला सुमारे एक अंश अधिक फिरतो, असे म्हटले. नंतरच्या बहुतेक अंदाजांत हा आकडा बराच घटला. २०२४च्या एका अभ्यासात त्याच बेटांजवळ त्याच ठिकाणी पुन:पुन्हा होणाऱ्या, जवळजवळ एकसारख्या भूकंपांच्या १९९१ ते २०२३ या काळातील नोंदींची तुलना झाली आणि २०१०च्या सुमारापासून अंतर्गाभा प्रावरणाच्या तुलनेत मागे पडू लागल्याचा निष्कर्ष निघाला. आलेखांतील फरक फिरण्यामुळे नव्हे, तर अंतर्गाभ्याचा पृष्ठभागच बदलत असल्यामुळे पडतो, असे काही संशोधक पूर्वीपासून सांगत आले आहेत. आणि २०२५मध्ये आलेल्या विश्लेषणाने फिरण्याबरोबरच पृष्ठभागालगतचे बदलही होत असल्याचे सुचवले आहे.