रंकाळ्याकाठचे दिवे आणि विश्वाचे वय

संध्याकाळी रंकाळ्याच्या काठावर उभे राहिले की पलीकडचे दिवे पाण्यात लांबट उतरलेले दिसतात. त्यांतला एखादा दिवा मुळातच मंद आहे की तेजस्वी असूनही लांब आहे, हे नुसत्या डोळ्यांना सांगता येत नाही. तो किती वॅटचा आहे हे ठाऊक असेल, तरच दिसणाऱ्या उजेडावरून अंतर काढता येते. विश्वाच्या मोजमापातली मोठी अडचण हीच आहे.

विश्व प्रसरण पावत असल्याने दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचे प्रचंड समूह, आपल्यापासून दूर जातात. दीर्घिका दूर जाण्याचा वेग तिच्या वर्णपटातील रेषा तांबड्या बाजूला किती सरकल्या यावरून कळतो. अंतरासाठी मात्र मूळ तेजस्विता माहीत असलेला तारा लागतो. सेफीड तारा ठरावीक काळाने उजळतो आणि मंदावतो. तो जितका तेजस्वी, तितका त्याच्या चढउताराचा काळ मोठा, हा नियम हेन्रिएटा लेव्हिट यांनी १९१२ मध्ये मांडला. त्याच्या आधारे १९२९ मध्ये एडविन हबल यांनी प्रसरणाचा दर काढला तो दर मेगापार्सेकला, म्हणजे सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षांना, सेकंदाला ५०० किलोमीटर. या दराने उलटे मोजत गेले तर विश्वाचे वय जेमतेम २०० कोटी वर्षे निघत होते आणि पृथ्वीवरचे खडक त्याहून जुने भरत होते! लेक आईपेक्षा वयाने मोठी निघावी, तशी ही गत होती. या विसंगतीने १९४८ मध्ये मांडल्या गेलेल्या स्थिर स्थिती सिद्धांताला, म्हणजे विश्वाला सुरुवातच नाही या मताला, बळ दिले. त्यावर पुढे ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्यासोबत काम करणारे जयंत नारळीकर कोल्हापुरातच जन्मले, याचा आम्हा कोल्हापूरकरांना अभिमान आहे. चूक निघाली ती दिव्याच्या वॅटमध्ये. सेफीड दोन प्रकारचे असतात, हे वॉल्टर बाडे यांनी दाखवले आणि दीर्घिकांची अंतरे सुमारे दुप्पट झाली, त्यासोबत विश्वाचे वयही वाढले.

आज विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे मानले जाते. दुसरी मूलभूत राशी घनतेची. गच्चीवरची हजार लिटरची टाकी म्हणजे एक घनमीटर. विश्वातले सगळे द्रव्य आणि ऊर्जा सारखी पसरली, तर अशा एका टाकीत जेमतेम पाच हायड्रोजन अणूंइतके वस्तुमान येईल. त्यातही तारे, ग्रह आणि आपण ज्याचे बनलो ते नेहमीचे द्रव्य पाच टक्केच असल्याने, चार टाक्यांमागे एखादाच खरा अणू. उरलेले कृष्णद्रव्य (न दिसणारे, पण गुरुत्वाकर्षणाने जाणवणारे द्रव्य) आणि कृष्णऊर्जा (प्रसरणाला वेग देणारी ऊर्जा).

प्रसरणाच्या दराचा वाद मात्र मिटलेला नाही. प्लँक उपग्रहाने टिपलेल्या आदिम प्रारणावरून, म्हणजे विश्वाच्या बाल्यावस्थेतून आजही येणाऱ्या प्रारणावरून, तो त्याच एककात ६७.४ येतो, तर सेफीड आणि अतिनवताऱ्यांवरून (स्फोट होणाऱ्या ताऱ्यांवरून) ७३ च्या आसपास. दोन्ही गटांनी आपापली मोजमापे पुन्हापुन्हा तपासली आहेत, तरीही हा फरक त्यांनी सांगितलेल्या त्रुटीमर्यादांत मावत नाही.