हायड्रॉक्सीयुरियाचे त्वचेवरील दुष्परिणाम

हायड्रॉक्सीयुरिया हे रक्तपेशींची बेसुमार वाढ आवरणारे औषध. पॉलिसायथेमिया व्हेरा (तांबड्या रक्तपेशी फार वाढण्याचा आजार) आणि प्लेटलेट वाढण्याच्या आजारात ते वर्षानुवर्षे चालते, सिकलसेलमध्येही देतात. कॅप्सूल बहुधा ५०० मिलिग्रॅमची असते. पेशीतील डीएनएची घडण ते मंदावते, म्हणून सतत नव्याने तयार होणाऱ्या त्वचेला, नखांना आणि तोंडाच्या अस्तरालाही त्याची झळ बसते.

नखांवर उभ्या काळपट रेघा उमटतात, कातडी कोरडी व सावळी पडते, कधी तोंड येते. रेघा सहसा निरुपद्रवी असतात. पण एकाच नखावरची रेघ रुंदावत कडेच्या कातडीत उतरली, तर ती दाखवावी. पॉलिसायथेमियात अंघोळीनंतर उठणारी खाज मात्र मूळ आजाराची. ती औषधाच्या माथी मारली जाते.

खरा त्रास घोट्याच्या जखमेचा. बहुधा काही वर्षांच्या सेवनानंतर, घोट्याच्या हाडावर किंवा आसपास, लहानशी पण विलक्षण ठणकणारी जखम होते. तळ पिवळट, कडा रेखीव. बेळगाव सीमाभागात खानापूरकडची भातलावण किंवा चिकोडी-अथणीकडची ऊसतोड करणाऱ्याला ‘पाचट लागलं’ असेच वाटते. मग हळद, निपाणी भागात तंबाखूची पूड, नाहीतर दुकानातले मलम. पूड भरल्याने जखम चिघळते. मधुमेह, फुगलेल्या शिरा आणि पायाचा रक्तपुरवठा तपासलाच पाहिजे. पण औषध चालू असेपर्यंत नुसत्या ड्रेसिंगने ही जखम सहसा भरत नाही. थांबवल्यावर काही आठवडे ते महिने लागतात. मात्र गोळी आपल्या मनाने बंद करू नये: पेशी पुन्हा वाढून रक्ताची गुठळी होण्याचा, अगदी पक्षाघाताचाही धोका असतो. रक्तविकारतज्ज्ञ इंटरफेरॉन, रक्सोलिटिनिब अशा दुसऱ्या औषधाचा पर्याय आजारानुसार ठरवतात.

दीर्घ सेवनात उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर खरखरीत चट्टे आणि त्वचेचा कर्करोगही होऊ शकतो. ऊसतोडीला बाया साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात, ते इथे फार उपयोगी. उघड्या भागाला एसपीएफ (उन्हापासून बचावाचा आकडा) ३० किंवा अधिकचे लोशन दर दोन तासांनी. कान, खालचा ओठ, हाताची पाठ यांवरची न भरणारी खपली त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावी. गरजेनुसार तुकडा काढून तपासतात.

कॅप्सूल फोडू नये. सांडलेली पूड ओल्या कागदाने, हातमोजे घालून टिपावी. गरोदर बाईने तिला हात लावू नये.