कुकरी: शेतातून शस्त्रागारात

कुकरी म्हटलं की गुरखा सैनिक आठवतो. नेपाळच्या डोंगरात मात्र ती आधी घरातलं हत्यार आहे. फांद्या छाटायला, बांबू तासायला, बोकड कापायला तीच लागते. १७९३ मध्ये नेपाळला गेलेल्या विल्यम कर्कपॅट्रिकचं वर्णन १८११ मध्ये छापलं गेलं. त्यातही प्रत्येक नेपाळ्याच्या कमरेला असणारी कुकरी मुख्यतः झुडपं आणि फांद्या तोडण्यासाठीच वापरली जाते, अशी नोंद आहे. अलेक्झांडरच्या सैन्याबरोबर आलेल्या ग्रीक तलवारीपासून ती निघाली, ही कथा संग्राहकांत लाडकी आहे. मला ती पटत नाही, कारण आकारातल्या साम्यापलीकडे तिला आधार नाही. पुढे जड होत जाणारं वाकडं पातं कमी जोरात खोल घाव घालतं, हे कोयता चालवणाऱ्या कुणालाही कळेल.

१८१४ च्या इंग्रज-नेपाळ युद्धात डेहराडूनजवळच्या नालापानी किल्ल्यावर नेपाळी सेनानी बलभद्र कुंवरच्या मोजक्या माणसांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेला महिनाभर रोखलं. कंपनीचा जनरल गिलेस्पी तिथेच पडला. पुढच्याच वर्षी कंपनीने गुरख्यांच्या पलटणी उभारल्या आणि त्यांच्याबरोबर कुकरी जगभर पोचली. महायुद्धांच्या काळात ती सरकारी साच्यात, पात्यावर वर्षाचे शिक्के घेऊन तयार होऊ लागली. रक्त पाजल्याशिवाय ती म्यान करत नाहीत, ही दंतकथाही सैनिकी कीर्तीबरोबर वाढली. रोज लाकूड आणि भाजी चिरणाऱ्या हत्याराला असा नियम परवडणार नाही.

ती घडवणारे कामी समाजाचे लोहार. हल्ली ते बहुधा ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचं पोलाद वापरतात. पातं लाल तापवून कडेवर किटलीतून पाणी ओततात. त्यामुळे कड टणक होते, पाठ चिवट राहते आणि घाव घालताना पातं तुटत नाही. मूठ शिसवी लाकडाची किंवा म्हशीच्या शिंगाची, आत लाखेने घट्ट बसवलेली. चामड्याच्या म्यानात दोन छोट्या सोबतिणी असतात: बारीक कामाची कर्द आणि धार सरळ करायची बोथट चकमक. म्यानाचं चामडं सार्की समाजाच्या हातचं. १८५४ च्या मुलुकी ऐनने, म्हणजे नेपाळच्या कायदेसंहितेने, या दोन्ही समाजांना कायद्यानेच अस्पृश्य ठरवलं, ते १९६३ पर्यंत. दसैंला, म्हणजे नेपाळी दसऱ्याला, हत्याराची पूजा होत राहिली आणि घडवणारा उंबऱ्याबाहेर राहिला. जुन्या कुकऱ्यांच्या किमतीची चर्चा होते तेव्हा पलटणीचं नाव निघतं, लोहाराचं जवळजवळ कधीच नाही. संग्रहातला हा अन्याय मला फार खुपतो.

संग्राहकांचं जग २००३ मध्ये बदललं. काठमांडूच्या लगन सिलेखाना या जुन्या शस्त्रागारातला, राणा घराण्याच्या काळातला साठा अमेरिकी व्यापाऱ्यांनी विकत घेतला आणि एकोणिसाव्या शतकातल्या असंख्य कुकऱ्या बाजारात आल्या: काही लांब पात्याच्या, काही रुंद पोटाच्या ‘भोजपुरे’ घाटाच्या. त्यांच्या पाठीवर पलटणींच्या खुणा देवनागरीत कोरलेल्या आहेत. पाश्चात्त्य संग्राहकांना त्यांचा अर्थ लावायला मदत लागते, मराठी माणूस अक्षरं थेट वाचू शकतो. ती घासून पुसू नयेत, गंज हलक्या तेलाने काढावा. भारतात ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची कुकरी शस्त्र नियमांत नावानिशी नोंदलेली आहे. घरगुती आणि शेतीच्या अवजारांना त्यातून वगळलं आहे. म्हणून विकत घेण्याआधी आपल्या जिल्ह्यात परवाना लागतो का, हे पोलिसांकडे विचारावं.